चिंच-मिठानं घासलेलं नाणं

अप्पांचं नाणं मी बिघडवलं आणि दोन वर्षं त्यांच्यापासून तोंड लपवलं.

आज सकाळी अप्पा गेले.

धारूरच्या पेठेत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. चार दुकानं सोडून माझं मोबाईल रिपेअरिंग.

ओळख झाली ती त्यांच्या फोनमुळे. कॅमेरा फोकस होत नाही म्हणून आले होते. गॅलरी उघडली तर एकही माणूस नाही, सगळी नाणीच.

लोक जुनी भांडी मोडीत घालायला आणायचे, त्यात आजा-पणजाची नाणी यायची. अप्पा ती वितळू द्यायचे नाहीत.

मलाही नाद लागला. नाण्याची किंमत विचारली की ते चिडायचे. आधी गल्ल्यातली चिल्लर बघ म्हणाले. सालाखाली चांदणी असेल तर हैदराबादची टांकसाळ, पत्त्यातली चौकट असेल तर मुंबईची.

सहा महिने मी चिल्लरच बघितली. गिऱ्हाइकं हसायची.

मग एका दुपारी अप्पांनी निजामाच्या काळातलं एक तांब्याचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. काळपट, चॉकलेटी. मोडीतून वाचवलेलं त्यांचं सगळ्यात पहिलं.

"घरी ने. महिनाभर बघ. मग काय दिसलं ते सांग मला."

दिवाळी तोंडावर होती. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तांबं-पितळ काळं ठेवत नाहीत. ताम्हण, पळी, कलश, सगळं चिंच-मिठानं घासायचं.

मी ते नाणंही घासलं. अगदी मनापासून.

पूजेत मांडलं, फोटो काढला आणि मोठ्या ऐटीत नाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

एकाने लिहिलं, "कुणी घासलं हे? मारलंत की राव नाणं."

इतक्या वर्षांत चढलेला तो काळपट थर जपायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. भिंगाखाली धरलं तर अक्षरांवर ओरखडे.

महिना संपला. मी गेलो नाही.

माझ्या दुकानात मागच्या बोळातून यायला लागलो. अप्पांनी हाक मारली की फोन कानाला लावायचा आणि बोलतोय असं दाखवायचं. लाज वाटते सांगायला, पण फोनवर पलीकडे कुणीच नसायचं.

हळूहळू त्यांनी हाक मारणं बंद केलं. त्याचं बरंच वाटलं मला. इतका नालायक झालो होतो.

मागच्या सोमवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. अप्पा बीडला ॲडमिट आहेत, तुला बोलावलंय, नाणं घेऊन ये म्हणालेत.

पूर्ण रस्ता खिशात हात. हरवलं म्हणून सांगू? चोरीला गेलं म्हणू? बीड आलं तरी ठरेना.

शेवटी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ. मुलगा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"चिंचंनं घासलंस?"

हो म्हणालो.

"मंग आला कावून न्हाईस?"

भीती वाटली, अप्पा. एवढंच बोलता आलं, पुढे रडूच फुटलं.

त्यांनी नाणं माझ्या मुठीत परत दिलं.

"हे व्हईल परत काळं. त्याला लई टाइम हाय. मला कुटं व्हता?"

बाहेर आल्यावर मुलाने सांगितलं. दोन वर्षांत मोडीत आलेली नाणी अप्पांनी बघितलीच नाहीत. पिशवीत बांधून ठेवली. तो मोबाईलवाला आला की दोघं मिळून बघू म्हणायचे.

दुपारी अप्पांना माती दिली. पिशवी अजून दुकानात तशीच आहे.

अप्पा, तुम्ही चार दुकानांवर बसला होतात आणि मला तेवढं चालता आलं नाही.

माफ करा. शेवटचा नमस्कार.