आतल्या चाकांची हवा

काकांना किळस यायला फारसं निमित्त लागत नसे. कोमट चहा, उगाच हॉर्न वाजवणारे लोक, काच पुसून ओला बोळा सीटवरच टाकणारे लोक, कशानेही त्यांचं तोंड कडू व्हायचं. उभा जन्म त्यांनी प्रवासी बस चालवली. सकाळी गाडी काढण्याआधी लाकडी दांडक्याने प्रत्येक टायरवर ठोका द्यायचा, आवाज टणक आला की निघायचं, बद्द आला की हवा भरायची, ही त्यांची रीत. जे ड्रायव्हर यात अंग चोरत, त्यांच्या शेजारी बसून ते डबासुद्धा खात नसत.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनं मोटारहोम घेतलं. ओटा, पलंग, एवढीशी मोरी, अख्खा संसार चाकांवर. काकूंनी हौसेने खिडक्यांना पडदे शिवले. गाडीला पुढे दोन चाकं आणि मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं होती. त्यातल्या आतल्या चाकाला दांडकं लावायचं तर जमिनीवर गुडघे टेकून हात आत खुपसावा लागे.

मागच्या सहलीत चालत्या गाडीत काकांना चहाची तल्लफ आली. काकूंनी ओट्यापाशी उभं राहून चहा केला, कप पुढे आणून दिला आणि त्या सीटवर टेकतात न टेकतात तोच मागचं आतलं टायर फुटलं. ओट्याखालची फळी फाटून वर आली. काकू मघाशी जिथे उभ्या होत्या, तिथे रबराच्या काळ्या चिंध्या पडल्या होत्या. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून काकूंनी गाडीत पाऊल ठेवलं नाही. पडदे घरी आणले, धुतले आणि घडी करून कपाटात ठेवून दिले. हवा दाखवणारं यंत्र बसवा, मग बघू, एवढंच म्हणाल्या.

काकूंशिवाय ती गाडी काकांना खायला उठे. म्हणून यंत्राचा शोध सुरू झाला, आणि किळस येण्यासारख्या गोष्टींचा काकांना नुसता मळाच सापडला. चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखा सेन्सर बसवायचा, हवा उतरली की समोरची स्क्रीन टिवटिव करणार, एवढी साधी बाब. पण जावयाने व्हिडिओ लावून दिला, तर त्यातला माणूस यंत्रापेक्षा स्वतःचा गॉगलच जास्त दाखवत होता. एका दुकानदाराने टायर उघडून आत बसवायचे सेन्सर पुढे केले. त्यातली बॅटरी संपली की पुन्हा सगळी टायरं उघडायची, हे त्याने काकूंनी विचारल्यावर सांगितलं. दुसऱ्याच्या यंत्रावर गाणीही वाजत होती. मागच्या चाकांचा सिग्नल एवढ्या लांबवर पोचेल का, म्हटल्यावर मात्र तो खोकायला लागला. भामटे सगळे, म्हणत काका पायऱ्या उतरले.

तिसऱ्या दुकानातला विक्रेता काडीने दात कोरत बोलत होता. तीच काडी त्याने यंत्र दाखवायला वापरली, तेव्हा काकांनी मान फिरवली. त्याच्याकडे साध्या मोटारीचा चार सेन्सरचा संच पडून होता आणि तोच त्याला गळ्यात मारायचा होता. काकू म्हणाल्या, आमची चाकं सहा आहेत.

"मागच्या फक्त बाहेरच्या चाकांना लावा ना," तो म्हणाला. "बाहेरचं टणक असलं की आतलंही असतंच. आत कोण हात घालत बसतंय?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दातकोरणीसकट त्याला चांगला झाडायला त्यांनी तोंड उघडलं. पण हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्या सहलीच्या सकाळी इस्त्रीची पँट मळेल म्हणून त्यांनी फक्त बाहेरच्या टायरांवर ठोके दिले होते आणि मनाशी हेच म्हटलं होतं. काकूंनी खिडकीतून विचारलं तेव्हा "सगळी बघितली" असं बेधडक सांगून वर चालत्या गाडीत चहा मागायलाही ते मोकळे झाले होते. काडीवाल्याची आलेली शिसारी तशीच मागे फिरली आणि त्यांच्याच पोटात जाऊन बसली. आयुष्यभर ज्यांच्या शेजारी बसून ते जेवले नाहीत, त्यांच्याहून ते कुठे वेगळे होते?

दुकानाबाहेर आल्यावर ते फुटपाथवरच थांबले.

"त्या दिवशी आतली चाकं मी बघितलीच नव्हती," ते म्हणाले.

"माहितेय," काकू म्हणाल्या. "पँट मीच धुतली. गुडघे स्वच्छ होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय, तेच बघत होते."

काकांना आपल्या तोंडाकडेही बघू नये असं झालं. पुढच्या दुकानात त्यांनी नाक मुरडलं नाही. सहा सेन्सर, बाहेरून घट्ट बसणारे, बॅटरी घरी बदलता येणारी आणि लांब गाडीसाठी सिग्नल वाढवणारा डबा बरोबर. काकूंनी मान हलवली तेव्हाच त्यांनी घेतले.

दुसऱ्या दिवशी काकू अंगणात आल्या तेव्हा काका गाडीखाली अर्धे शिरून आतल्या चाकाचा सेन्सर पिळत होते. स्क्रीनवर सहाही चाकं उमटली होती. तरी बाहेर आल्यावर त्यांनी दांडकं मागितलं आणि पुन्हा खाली बसून आतल्या टायरांवर ठोके दिले. काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं नाही. त्यांनी पँटच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तिथे काळा चिखल माखला होता.

"ती स्क्रीन माझ्या सीटसमोर लावा," त्या म्हणाल्या, "आणि चहा गाडी थांबल्यावर." मग त्या कपाटातले पडदे आणायला आत गेल्या.