आपाच्या घराचे दगड

ड्रेसिंगच्या टेबलावर माणूस गप्प बसत नाही. पट्टी सुटायला लागली की दुखणं विसरायला त्याला काहीतरी बोलावंच लागतं. लातूरच्या आमच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं पट्ट्या सोडल्या, की जखमा विसरलो आणि किस्से तेवढे राहिले. सगळे मला मामा म्हणतात. पाठीमागं, खडूस मामा.

*

भोकरची एक पोरगी मेडिकलच्या क्लासला आलेली. हॉस्टेलवर किटलीतलं उकळतं पाणी हातावर सांडलं आणि जखम काही भरेना. पांढऱ्या पेशी किती, कोणती काय करते, पट्टी होईपर्यंत मला घडाघडा म्हणून दाखवायची.

शेवटी पकडली. रोज खपली काढून बघायची, भरली का म्हणून! झापलं तर म्हणते, "मामा, पेपर दिल्यावर आन्सर की बघत न्हाई का आपण?"

कोपरापर्यंत जाड बँडेज गुंडाळलं आणि गाठ मागच्या बाजूला मारली.

*

मुरुडचे एक रिटायर्ड गुरुजी दिवसातून तीनदा जखमेवर स्पिरिट ओतायचे. जंतू मेले पाहिजेत, हा हट्ट. आमच्या डॉक्टर मॅडम नांदेडच्या, जिभेला तिखट. म्हणाल्या, "गुरुजी, जंतू कधीच मेले. आता तुम्ही गवंडी मारून राहिलात."

मॅडमचं हे सांगणं ठरलेलं. जखमेत आपल्याच रक्तातल्या पेशी आधी घाण उपसायला येतात. मग काम बदलून त्यांनीच नवं मांस उभारायला हातभार लावायचा असतो. साखरेच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा त्या उपसतच राहतात, चांगलं मांससुद्धा सोडत नाहीत. त्यांना उभारणीकडं वळवायचं, हे आपलं काम.

*

गफूरचाचा शाळा-क्लासचे युनिफॉर्म शिवायचे. भूकंपात त्यांची थोरली बहीण, आपा, किल्लारीकडच्या खेड्यात घरासकट गाडली गेली. चाचांनी नुसत्या हातांनी ढिगारा उपसला. तिसऱ्या दिवशी आपा सापडली, दफन झालं. गाव दुसरीकडं वसलं. तरी दरवर्षी त्या तारखेला चाचा जुन्या गावठाणात जाऊन तिच्या घराचे दगड उपसायचे.

एका वर्षी तळव्यात खिळा घुसला. साखरेनं पाय बधिर. घरी येऊन चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. सात महिने जखम भरली नाही. मोठ्या सर्जननं घोट्यातून कापायला सांगितलं. शिलाई मशीन चालवायचा तोच पाय. चाचा माझ्या टेबलावर रडले. मीही रडलो, लपवत नाही.

मॅडमनी त्यांनाही ते उपसणाऱ्या पेशींचं सांगितलं. चाचांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "त्यांना बस म्हणून सांगतं कोण, मॅडम?"

*

मॅडमनी सर्जनकडून दीड महिना मागून घेतला. मेलेलं मांस काढलं, साखर आवळली, पायावर भार देणं बंद केलं. चाचांचंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला चिकट भाग जखमेवर लावला, पेशींना उभारणीचा निरोप जावा म्हणून. दर आठवड्याला मी पारदर्शक कागदावर जखमेची कड आखायचो. दोन आठवडे कड जागची हलली नाही, माझी झोप उडाली.

तिसऱ्या आठवड्यात चाचांनी मागचा आणि नवा कागद एकावर एक धरले, कटिंग तपासतात तसे.

"मामा, एक सूत आत घेतलंय."

*

पाय वाचला. भूकंपाची तारीख जवळ आली आणि चाचा पुन्हा निघाले. माझं डोकं फिरलं. जाड बूट घालायला लावले आणि सोबत गेलो.

गावठाणात बाभळी माजलेल्या. चाचांनी वाकून एक मोठा दगड उचलला. मी ओरडणारच होतो. त्यांनी तो तिथंच, सपाट बाजू वर करून ठेवला, रुमालानं पुसला, त्यावर बसले आणि पिशवीतून डबा काढला. दोघांना पुरेल एवढा.

"बस मामा," ते म्हणाले. "आपाच्या घरून उपाशी जायचं न्हाई."