टीचरम्मांचा नॉक सेन्सर

जुन्या गाडीचे सुटे भाग मिळेनासे होतात. किस्से मात्र न मागता मिळतात. माझ्याकडे त्यांचा एवढा साठा झाला आहे, की आता सांगतानाही दम लागतो. तरी सांगते, कारण तुम्ही विचारल्यावाचून राहणार नाही.

मूळ दुखणे एवढेच, की माझ्या गाडीचा नॉक सेन्सर बिघडला. इंजिनात अवेळी ठोके पडू लागले, की ते ओळखून गाडीच्या संगणकाला कळवणारा हा छोटासा भाग. तो बिघडताच समोर पिवळा दिवा लागला आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी माझ्यासारखीच धापा टाकू लागली.

इथेच हैदराबादेत, कुकटपल्लीला राहणाऱ्या माझ्या मुलाने, प्रसादने, लगेच निकाल दिला. "आई, विकून टाकू. कुठे जायचे असले, की मला फोन कर. मी कॅब बुक करून देईन."

कोठीला दाताच्या डॉक्टरांकडे जायचे, तर मुलाला विचारून! गाडी राहिलीच पाहिजे, असे मी त्या क्षणी ठरवले.

*

शेजारचे जोशीअण्णा नेहमी मागच्या सीटवर बसून मला गाडी शिकवतात. बिघाडाचे नाव ऐकून ते दचकले.

"सेन्सॉर? गाडीत आक्षेपार्ह असे काय आहे?"

"मागच्या सीटवरचे संवाद!"

*

दिलसुखनगरचे सलीमभाई आमचे जुने मेकॅनिक. त्यांनी विचारले, "टीचरम्मा, आवाज कैसा आरा?"

शाळेत व्याकरण शिकवण्यात हयात गेलेली मी, नेमके उत्तर दिले. आवाज 'ट'सारखा आहे, म्हणजे मूर्धन्य. 'च'सारखा तालव्य मुळीच नाही.

सलीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "अम्मा, मैं मर्ज पूछा, सबक नै पूछा!"

*

नवा सेन्सर बसला आणि चौक ओलांडण्याआधीच दिवा पुन्हा लागला. हा भाग म्हणे ढिला राहिला तर बहिरा होतो आणि फार आवळला तर नसते ठोके ऐकतो. म्हणून तो मापाच्या पान्यानेच कसायचा असतो.

"मग तुमच्याकडे मापाचा पाना नाही?"

"पाना है ना! पाना चलाने वाला शादी में गया."

"मग येईल की संध्याकाळपर्यंत!"

"शादी उसीच की है, अम्मा!"

*

नवरदेव परतले, सेन्सर नीट बसला, तर उंदराने त्याची वायर खाल्ली. मी पिंजरा लावायला निघाले, तोच जोशीअण्णा हात जोडून आडवे आले.

"अहो, गणपतीचे वाहन आहे ते!"

"आणि त्याने खाल्ले, ते माझे वाहन आहे!"

*

वायर बदलली. दिवा विझला. मी सुटकेचा निःश्वास सोडते आहे, तोच प्रसाद गिऱ्हाईक घेऊन थेट गॅरेजमध्ये हजर! "आई, आता नीट चालते आहे, तेव्हाच विकलेली बरी."

गिऱ्हाईक म्हणजे पुण्याहून नुकताच बदली होऊन आलेला, कॉम्प्युटर कंपनीतला सभ्य मुलगा. त्याने एक फेरी मारली आणि गाडी त्याला पसंत पडली. मी बाकावर बसून राहिले. भांडायचेही त्राण उरले नव्हते.

जाता जाता त्याने सलीमभाईंना विचारले, "इंजिन कभी खोला था क्या?"

इंजिन एकदाच उघडले होते, प्रसाद कॉलेजात होता तेव्हा. आणि सलीमभाई खोटे बोलत नाहीत.

"हौ साब. परसों खोले थे."

"परसों?"

"परसोंइच! मेरेच हाथ से."

गिऱ्हाईक दोन पावले मागे सरले. प्रसाद कळवळून म्हणाला, "अहो, हैदराबादचे 'परसों' म्हणजे मागे कधीतरी! आई, तू सांग ना यांना!"

त्या पुण्याच्या मुलाने अदबीने माझ्याकडे वळून विचारले, "काकू, तुम्ही शिक्षिका होतात ना? 'परसों' म्हणजे नक्की कधी?"

मी चष्मा नीट केला.

"शब्दकोशाप्रमाणे, परवा."