आईचा डावा पाय

मी अकोल्यात शाळेवर लागले त्याच वर्षी आईला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. साठ सालानंतरची गोष्ट. नागपूरच्या दवाखान्यात रोग जाळायला तिला एकदा आतून रेडियम ठेवलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवायचं, अजिबात उशीर करू नका, असं बजावून घरी पाठवलं. घरी आल्यावर काही दिवसांतच तिचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजला. नुसती चादर लागली तरी ती कळवळायची.

आमचे डॉक्टर मोजकं बोलणारे. शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, या रोगात होतं असं, म्हणाले. रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर पिशवीतून रक्तस्राव सुरू होण्याची भीती. म्हणून खाटेच्या पायथ्याला विटा लावून पाय उंच ठेवायचा, खाली उतरायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पाय चेपायचा नाही. गुठळी सुटून छातीत गेली तर जागच्या जागी सगळं संपेल.

"मग नागपूर?" मी विचारलं.

"सूज उतरल्याशिवाय प्रवास नाही."

एक दुखणं म्हणत होतं लवकर चल, दुसरं म्हणत होतं हलू नको. मला दोन्हींचा सारखाच संताप यायचा.

पाय चेपू नका, हे आमच्याकडे कोणाला सांगायचं? आजाऱ्याला भेटायला आलेली बाई आधी पायथ्याशी टेकते आणि बोलता बोलता चेपायला लागते. त्याशिवाय भेटल्यासारखं वाटतच नाही. मी रजा टाकली आणि पायथ्याशी स्टूल मांडून राखणीला बसले. शेतातली पाखरं हाकलावीत तशी बायकांना हाकलत होते.

हिवरखेडची आत्या तर जवसाचं तेल घेऊनच आली. तिने पदर खोचला, तसा मी तिचा हात धरला.

"काहून वं? मायचे पाय चेपू देत नाई का तू?"

"डॉक्टरनं मना केलं, आत्या. जीव जाईन तिचा."

"चेपल्यानं कोनाचा जीव गेला आजलोक? शिकली म्हून तुलेच लय समजते!"

आत्या फणकाऱ्याने निघून गेली आणि साऱ्या नातेवाइकांत माझा उद्धार केला. करू दे. मला आई हवी होती, आत्याचं सर्टिफिकेट नको होतं.

पण आईपुढे माझं अवसान टिकत नसे. दिवसभर ती निमूट पडून राहायची. संध्याकाळी पाय ठणकायला लागला की म्हणायची, "जरासा चेप ना माय. हलक्या हातानं." मी नाही म्हणायचे. "तुह्या आजीले मी कधी नाई म्हटलं नाई," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. तिच्यासमोर रडण्यापेक्षा ते बरं.

नागपूरची तारीख टळली. त्यानंतरही बरेच आठवडे गेले, तेव्हा कुठे सूज ओसरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं. वडिलांनी गाडीत अख्खा बाक अडवून आईला आडवं केलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, वर्धा गेलं; मी फक्त तिचा श्वास बघत होते. नागपूरला ती नीट श्वास घेत उतरली तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

तिथल्या डॉक्टरांनी तपासून मला आणि वडिलांना बाजूला घेतलं. मधल्या काळात रोग फार पसरला होता. आता रेडियमचा उपयोग नव्हता. "घरी न्या. त्या मागतील ते द्या," ते म्हणाले. वडील खाली बसले. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "पाय चेपलेला चालेल?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चालेल."

आईला काही सांगायचं नाही, असं वडिलांनी बजावलं. घरी आल्यावर संध्याकाळी तिचा पाय पुन्हा ठणकायला लागला. ती काही मागत नव्हती, मागणं तिने केव्हाच सोडलं होतं. मी खाटेवर बसले आणि पाय मांडीवर घेतला. तिने तो घाईने ओढून घेतला.

"डॉक्टरनं मना केलं ना?"

"आता चालते म्हणाले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला मान वर करता येईना.

"असं का," ती म्हणाली. मग तिने पाय आपणहून माझ्या मांडीवर ठेवला आणि सैल सोडला. "चेप मंग. आता जोरानं चेप."