आधी उत्तर, मग प्रश्न

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हाणामारी एका गावची आठवते आणि आरोपी दुसऱ्याच गावचा. पाटावरचा, म्हणजे कालव्याच्या रस्त्यावरचा, तो गुन्हा मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. त्या तपासात मी जितका गोंधळलो तितका आयुष्यात कधी गोंधळलो नाही.

निवृत्तीच्या जरा आधीची गोष्ट. पाचोरा-भडगाव भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबर आली की, पाटाच्या रस्त्यावर केळीची गाडी उभी आहे आणि ड्रायव्हर खाली पडलाय. डोक्याला जबर मार होता. त्याला जळगावला हलवलं, पण शुद्ध नसल्याने जबाब घेता येईना. गाडीतला माल शाबूत, मोबाइल खिशातच. म्हणजे लूट नव्हती, कोणीतरी राग काढला होता.

तो राग कोणाचा, हे शोधायला फार फिरावं लागलं नाही. केळीच्या पॅकिंग शेडला मजूर पुरवणारा एक मुकादम होता. तो कामावरच्या बायकांना भरलेल्या गाडीत, खोक्यांच्या वर बसवून गावी धाडायचा. या ड्रायव्हरने एकदा सगळ्यांदेखत त्याला सुनावलं होतं, "बायास्ले खाले उतार, मंगच गाडी हालई." चार माणसांत पाणउतारा झाला की काही माणसं तो वर्षभर पोटात ठेवतात. मुकादमाला बोलावलं. त्याने कानावर हात ठेवले.

मग शेडचा मालक स्वतः ठाण्यात आला. त्याच्या ऑफिसातला फोन इंटरनेटवर चालायचा. आवाज तुटतो अशी तक्रार होती, म्हणून धुळ्याहून तंत्रज्ञ आला होता. दोष शोधायला त्याने मालकाच्या परवानगीने फोनवरून येणारं-जाणारं सगळं कॉम्प्युटरमध्ये साठवत ठेवलं होतं. त्यात घटनेच्या आदल्या दिवसाचं एक बोलणं निघालं. एका बाजूला मुकादम, दुसऱ्या बाजूला शेडचा सुपरवायझर. आणि हा सुपरवायझर म्हणजे जखमी ड्रायव्हरच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ!

पंचांसमक्ष कॉम्प्युटर जप्त केला. मूळ डेटा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला आणि तंत्रज्ञाने काढून दिलेला आवाज आम्ही ऐकायला बसलो. मुकादम म्हणत होता, "तुना पाव्हना भलता माजना. पाटवर त्याले दाखाडी देऊ का?"

सुपरवायझरचा आवाज आला, "हा भो, करी टाका तसं."

मला तर किळस आली.

हेच मुकादमाला ऐकवलं. तो आधी बावचळला. भलत्याच कोणाचं बोलणं ऐकत असल्यासारखा स्पीकरकडे बघत राहिला. मग एकदम सावरून म्हणाला, "आता काय लपाडू साहेब? मारं मीच. पन त्याना शालकनीच सांगं माले." कबुली मिळाली म्हणून आमची माणसं खूश झाली. त्याचं ते बावचळणं मला खटकलं, पण त्याचं काय करायचं ते कळेना.

सुपरवायझरला अटक झाली. चौकशीत खोटं बोलणारा माणूस आधी आवाज नाकारतो, हा माझा अनुभव. हा पठ्ठ्या म्हणाला, "आवाज मनाच शे साहेब. पन हाई बोलनं मनं नही. मी त्याले ना म्हनं व्हतं." उलटसुलट विचारलं, दरडावलं, समजावलं. तो तेच म्हणत राहिला. आवाज तुझा, शब्द तुझे, आणि बोलणं तुझं नाही? अरे, मग कोणाचं?

आवाज ओळखण्यासाठी त्याच्या बहिणीला बोलावलं. नवरा दवाखान्यात, आणि भाऊ आमच्या कोठडीत. तिने ऐकलं, मान हलवली आणि पंचनाम्यावर सही केली. जाताना म्हणाली, "मना भाऊच शे." कोठडीकडे तिने बघितलंही नाही. आत तो "अक्का, अक्का" करत होता.

कागद पक्के, कबुली पक्की, ओळख पक्की. तरी मी ते बोलणं पुन्हा पुन्हा लावत होतो. आमचा हवालदार वैतागला, "साहेब, भजन शे का ते?" पण काहीतरी जुळत नव्हतं. सुपरवायझर मुकादमाचं वाक्य पुरं होण्याआधीच उत्तर देत होता. वडीलधाऱ्या माणसाच्या बोलण्यात असं तोंड घालणारा पोरगा आमच्याकडे विरळा. आणि शेवटी तर मुकादम एकटाच बडबडत होता. पलीकडून हुंकारा नाही, काही नाही. आमच्या खानदेशात दोन वाक्यांवर हुंकारा मिळाला नाही तर माणूस लगेच "हॅलो, हॅलो, ऐकू येस का?" म्हणून ओरडतो. हा गडी हुंकाऱ्याशिवाय निवांत बोलतोय! कोणाशी?

तंत्रज्ञाला धुळ्याहून परत बोलावलं आणि मला शंका येतेय एवढंच सांगितलं. त्याने जे समजावलं त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं. जे उरलं ते असं: इंटरनेटच्या फोनवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर वेळेची खूण असते आणि दोन्ही बाजूंचे प्रवाह वेगवेगळे साठवले जातात. माणूस गप्प बसला की त्याच्या बाजूने तुकडेच निघत नाहीत. याने घाईत दोन्हीकडचे नुसते तुकडे एकामागे एक चिकटवले होते, मधल्या रिकाम्या जागा गाळून. सुपरवायझर ऐकत जास्त होता, बोलत कमी. त्यामुळे त्याची उत्तरं अलीकडे सरकत सरकत आधीच्या भलत्याच प्रश्नांना जाऊन चिकटली होती.

"मग आता वेळेप्रमाणे वाजव," मी म्हणालो.

त्याने वाजवलं. तेच आवाज, तेच शब्द. "पाटवर त्याले दाखाडी देऊ का?" यावर सुपरवायझर घाबऱ्या आवाजात म्हणाला, "नही भो, तसं काही करू नका." आधी हेच वाक्य आम्ही मजुरीच्या कुठल्याशा प्रश्नापुढे ऐकून सोडून दिलं होतं. मुकादम म्हणाला, "बरं, ऱ्हावू दे मंग." पुढे त्याने परवा दोन बाया जास्त लावू का म्हणून विचारलं, आणि "हा भो, करी टाका तसं" हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

मुकादमाला नवं बोलणं ऐकवलं. या वेळी तो बावचळला नाही, मान खाली घालून बसला. मारलं त्यानेच होतं; पण दोष सुपरवायझरवर ढकलायला आमच्याच चुकीच्या आवाजाने त्याच्या हाती आयतं खोटं दिलं होतं आणि त्याने ते उचललं होतं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

सुपरवायझरच्या सुटकेचा अहवाल न्यायालयात दिला, आणि तो सुटला त्या दिवशी मी त्याच्या बहिणीला मुद्दाम बोलावून घेतलं. भाऊ शेजारी उभा. मला वाटलं, ऐकून ती त्याला जवळ घेईल. तिने शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे याले माहीत व्हतं?"

भाऊ म्हणाला, "अक्का, मी ना म्हनं ना त्याले. माले वाटनं, मिटी गयं."

"मंग आमले सांगं काबरं नही? पाटवरथून गयाच नसता ना तुना दाजी."

कुठला प्रश्न कुठल्या उत्तराचा हे शोधण्यात मी इतका गुंतलो होतो की, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. वेळेत न सांगण्याला कुठलं कलम लागत नाही. माणूस निर्दोष सुटला म्हणजे त्याच्या घरचं सगळं मिटलं, हा पोलिसांचा भ्रम असतो. तो माझा त्या दिवशी फिटला.

ती डोळे पुसून उठली, डब्याची पिशवी भावाच्या हातात दिली आणि म्हणाली, "चाल जळगावले. तुना दाजी आता शुद्धीवर शेत. जे सांगनं ते त्यास्ले तूच सांग."