घुसळलेलं द्रावण

संशोधनाला लागल्यापासून तिला सगळे ‘भोवरेवाली’ म्हणत. काचेच्या नळकांड्यात आणखी एक नळकांडं आणि मधल्या फटीत पॉलिमर विरघळवलेलं, पाकासारखी तार सुटणारं द्रावण. आतलं नळकांडं हळूहळू वेग वाढवत फिरवायचं आणि तो शांत, गोल प्रवाह नेमक्या कुठल्या वेगाला मोडतो ते पाहायचं. मोडला, की प्रवाह दिसावा म्हणून द्रावणात घातलेली चमकी एकावर एक वलयं धरायची. इतक्या संथ वेगाला साधं पाणी असं करत नाही. पॉलिमरच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या ताणल्या जातात म्हणून हे घडतं.

घडायचं खरं, पण रोज वेगळ्याच वेगाला. काल जिथे वलयं दिसली, तिथे आज द्रावण ढिम्म! तिने मोटर बदलली, खोलीचं तापमान सांभाळलं, नळकांडी पुन्हा पुन्हा ओळंब्यात आणली.

“हात कापतो का तुझा?” सरांनी विचारलं.

“हात नाही सर, डोकं फिरतंय.”

वडील फोनवर म्हणाले, “अगं, नुसतं ढवळायचं तर असतं!” ती इतकी भडकली, की आईने फोन काढून घेतला.

त्यातच द्रावण ढवळायचं यंत्र जळालं. वैतागून तिने पॉलिमरची भुकटी तशीच पाण्यात टाकली, बाटलीला झाकण लावलं आणि चार दिवस बहिणीकडे निघून गेली. परतली तेव्हा भुकटी आपोआप विरघळली होती. द्रावण भरलं, तर अगदी कमी वेगाला वलयं उमटली. त्याच बाटलीतलं पुन्हा भरलं, पुन्हा तोच वेग. मग तिच्या ध्यानात आलं. लवकर विरघळावं म्हणून जोरात घुसळताना साखळ्याच तुटत होत्या. कधी कमी, कधी जास्त, म्हणून रोज वेग वेगळा.

“चला, कारण तरी कळलं,” सर म्हणाले.

“जोरात ढवळ, असं तुम्हीच सांगितलं होतंत!” सरांपुढे तिचा आवाज पहिल्यांदाच चढला.

सरांनी चष्मा काढून पुसला. “सांगितलं होतं खरं. आधीचे आलेख आता...”

“केरात.”

आनंद व्हायला हवा होता, पण नुसता संताप संताप होत होता. प्रबंध वर्षभर लांबला आणि झाला तोही अंगाने बारीक. त्या वर्षात ती बाटल्या हाताने हळूच कलत्या करी, खाली ठेवी आणि दात-ओठ खात भुकटी विरघळायची वाट पाही.