काकूंचा कडीचा डबा

अमरावतीहून आईनं पाठवलेलं खोकं ग्लासगोच्या माझ्या खोलीत आलं, तेव्हा मी आधी त्यातलं खायचं तेवढं शोधलं. तिखट, मुंगवड्या, ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी. इथवर ठीक होतं. पण पायजम्याचा नाडा कशासाठी? आणि हातानं वळलेल्या वाती तर इतक्या, की गावातल्या सगळ्या चर्चमध्ये मी रोज दिवा लावला असता तरी उरल्या असत्या. माझ्या खोलीत काडी ओढली तरी धुराचा भोंगा वाजतो, हे तिला दहादा सांगून झालं होतं.

मुंगवड्या एका स्टीलच्या कडीच्या डब्यात होत्या. जुन्या घडणीचा, जाड डबा. मुगाची डाळ लसूण घालून वाटून, चिमटीनं लहान वड्या घालून कडक उन्हात वाळवायच्या, की झाल्या मुंगवड्या. त्यांची मी त्याच दिवशी झणझणीत रस्सा भाजी केली. त्या संपल्यावर डबा घासला आणि त्यात साखर भरली. मी खुशीत होतो. तेवढ्यात आईचा फोन.

"बाबू, तो डबा आपला नाई रे. तुया समोरच्या काकूचा हाय."

समोरच्या काकू म्हणजे आईच्या आयुष्यातला चार वाजताचा चहा. वडील गेले, मी इकडे आलो, त्यानंतर तर आईच्या घराची किल्ली काकूंकडे आणि बीपीची गोळी घेतली का हे विचारायचं कामही त्यांच्याकडेच. दिवाळीत त्यांनी त्या डब्यातून चकल्या दिल्या होत्या. आता आलेला डबा रिकामा परत करायची आमच्याकडे रीत नाही. चिमूटभर साखर घातली तरी भागतं, पण आईला ते पटेना. काकूंच्या चकल्यांच्या तोडीचंच काहीतरी गेलं पाहिजे! संक्रांतीचे लाडू फुटले, नंतरचा चिवडा मऊ पडला, आणि डबा फेब्रुवारीपर्यंत आमच्याच फळीवर बसून राहिला. मग कुरिअरवाला म्हणाला, प्लास्टिकचा डबा तडकेल. आईनं घाईत हाताला लागला तो उचलला आणि विमानात बसवला.

काकूंनी विचारलं, "वहिनी, माहा कडीचा डबा कुठीसा हाय?"

आई खोटं बोलू शकली असती. पण ती म्हणाली, "तो तं विलायतेले गेला."

काकूंना वाटलं, पोरगा परदेशात असल्याचा तोरा मिरवून राहिली. त्या उठून गेल्या त्या गेल्याच, चहालाही परत आल्या नाहीत.

मी साखर पातेल्यात ओतली आणि डबा उलटा केला. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोणा पुरुषाचं नाव कोरलेलं होतं. आईला विचारलं, तर ते काकूंच्या भावाचं निघालं. काकूंच्या लग्नात अकोल्याच्या त्या भावानं दिलेला तो डबा होता. तो भाऊ मागच्या वर्षी वारला. आई म्हणाली, माहेरचं म्हणून तेवढंच एक उरलंय त्यांच्याजवळ. मला लाज वाटली. मी त्यात साखर ठेवली होती!

त्या दिवसापासून चार वाजले की आईचा मला फोन. तिचे चार म्हणजे माझी सकाळची मीटिंग. मी बाहेर येऊन उचलायचो. कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, कोणाची सून कोणत्या रंगाच्या गाडीवर गेली, सगळं ऐकायचो.

"तू नुसता हं हं करून राहिला," एक दिवस ती चिडली. "काकू कशी, मी अर्धं बोलली का पुरं करे."

मी काकूंच्या जागेवर कामाला लागलो होतो आणि ते काम मला जमत नव्हतं. आई मात्र दिवसेंदिवस बारीक आवाजात बोलायला लागली होती. शेवटी एकदा म्हणाली, "आता दोन कप चहा टाकाची सवय मोडून राहिली मी." मला त्या दिवशी मीटिंगमध्ये परत जावंसंच वाटेना.

ऑफिसातला मूर्तिजापूरचा एक मित्र बहिणीच्या लग्नाला निघाला होता. तो डबा न्यायला तयार झाला. पण भरायचं काय? चॉकलेट म्हटलं, तर काकूंना शुगर. बिस्किटं म्हटली, तर "त्यात अंडं असते." इथला चहा? "काहून, आपल्या चहाले काय झालं?" मग आईच म्हणाली, "तुया हातचं काई दे."

माझ्या हातचं! मी मुगाची डाळ भिजवली. फोनवरून आई सांगत होती, "ढिली नोको करू, अन् ऊन चांगलं दाखवजो." ऊन कुठून दाखवू? मंगळवारी दहा मिनिटं आलं होतं, तेवढंच. मी हीटरवर टॉवेल, टॉवेलवर कागद आणि कागदावर वड्या घातल्या. चौथ्या दिवशी त्या वरून पिवळ्या, खालून तपकिरी आणि आतून काय ते देवाला माहीत अशा झाल्या. माझ्या सगळ्या कपड्यांना लसणाचा वास लागला. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तब्येत बरी आहे ना, असं अगदी हळू विचारलं. मूर्तिजापूरच्या मित्रानं डबा हलवून पाहिला. "लेका, खडे भरले का?"

डबा अमरावतीला पोचला त्या दिवशी आई म्हणाली, "चार वाजता घेऊन जातो. घेतला तं घेतला."

तिकडे चार वाजले. फोन नाही. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलो. काकूंनी दारच उघडलं नसेल तर? आई डबा हातात घेऊन परत आली असेल तर? पाच झाले. मग मला राहवेना, मीच लावला.

फोन उचलला तो काकूंनी. "काहून रे, मुंगवड्या केल्या का गोट्या? तुया मायचा दात हालला असता!"

मागून आई हसत होती. तसं हसणं मी दोन महिने ऐकलं नव्हतं.

"काकू, चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुयं काय चुकते? तुया मायले सांगाची अक्कल नाई." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "भावाचं नाव हाय तसंच हाय, बाबू. घासताना जपलं तू."

तेवढ्यात आईनं फोन घेतला. मी म्हटलं, आई, काय झालं ते सगळं सांग ना नीट.

"मंग सांगतो. ठेव आता, आमी बोलून राहिलो."

आणि तिनं फोन ठेवला. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग, खरं सांगतो, त्या दोघींचा जरा हेवाही वाटला.